येवल्याच्या गाडीतली झोप

माझ्या हृदयात स्टेंट बसवली, त्याला आता दीड वर्ष होईल. काम चोख झालं होतं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “आता निर्धास्त झोपा.” त्यांचं बाकी सगळं मी ऐकलं. मीठ कमी केलं, रविवारची मिसळ सोडली, जिना चढताना मध्ये थांबायला शिकलो. फक्त ते निर्धास्त झोपणं तेवढं जमेना. कारण झटका आला होता तो पहाटे, झोपेत. रात्री धडधाकट आडवा झालेला मी साडेचारला घामाने निथळत उठलो होतो. त्यावरून मी असा शहाणपणाचा निष्कर्ष काढला, की माणूस झोपलाच नाही तर झटका येणार कसा?

यात थोडा दोष माझ्या नोकरीचा आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. यंत्रावरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक निघाला तरी बाजूला टाकायचा, हे माझं काम. न तपासलेली वस्तू खराबच समजायची, हे माझं ब्रीद. खात्यातली पोरं मला पाठीमागे ‘रिजेक्ट मास्तर’ म्हणत आणि मला ते कळल्यावर मी मनातून खूश झालो होतो. असा माणूस स्वतःच्या हृदयाला रात्रभर, कुणी बघत नसताना, एकट्याला चालू देईल का?

म्हणून मी पलंग सोडला आणि हॉलमधल्या खुर्चीत बसून रात्री काढायला लागलो. बोटाला ते ऑक्सिजन आणि ठोके दाखवणारं चिमट्यासारखं यंत्र. मांडीवर वही. वहीत रकाने आखलेले: वेळ, ठोके, ऑक्सिजन, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘ठीक’, ‘ठीक’, ‘ठीक, पण संशयास्पद’ असं लिहिलेलं असे. दिवसा डुलकी लागली की मी दचकून उठायचो आणि आधी बोटाकडे बघायचो. जेवतानाही ते यंत्र बोटाला असायचं. शेवटी एकदा बायको म्हणाली, “अहो, ते काढा आता. वरणात बुडेल, मग वरणाचे ठोके मोजत बसाल.”

इथे माझ्या मित्राला आणायला हवं. चांदवड तालुक्यातल्या एकाच गावातले आम्ही, दहावीपर्यंत एकाच बाकावर बसलो. मी आयटीआय करून अंबडला चिकटलो. तो एसटीत ड्रायव्हर झाला आणि तीस वर्षं गाडी चालवून माझ्या आगेमागेच निवृत्त झाला. नाशकात पाथर्डी फाट्याजवळ आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, माझ्या झटक्याच्या आदल्या वर्षी गेल्या. मुलगा-सून पुण्याला. हा एकटाच राहतो, सकाळी कुंड्यांना पाणी घालतो, येणाऱ्या-जाणाऱ्याची चेष्टा करतो आणि हसतो. मला वाटायचं, गडी सावरला.

त्या पहाटे मला दवाखान्यात नेलं ते त्यानेच. बायकोने फोन केला आणि दोन मिनिटांत हा दारात हजर, शर्ट-पँट घालून, केस विंचरून. शेजाऱ्याच्या व्हॅनमध्ये त्याने मला मागच्या सीटवर आडवं घातलं आणि मी छातीवर हात दाबून त्याला सांगत होतो, “ब्रेक हळू मार.” पहाटे साडेचारला कपडे करून तयार असलेला माणूस मला तेव्हा देवासारखा वाटला. तो त्या वेळी जागा का होता, हा प्रश्न मात्र तपासणी खात्याला पडला नाही.

दवाखान्यात आमच्यासारख्यांसाठी महिन्यातून दोनदा एक वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या मॅडम तरुण होत्या आणि फार हळू बोलायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला. म्हणाल्या, याच्याकडे बघा, वास घ्या, जिभेवर ठेवा, लगेच चावू नका, पाच मिनिटं फक्त याच्याबरोबर राहा. नाशिक जिल्ह्यात जन्मून साठीला टेकलेल्या माणसाला एकच बेदाणा! आमच्याकडे तो मुठीने खातात. पण मी आज्ञाधारकपणे चष्मा वर करून त्याच्याकडे बघितलं आणि हात वर केला. म्हटलं, “मॅडम, याला देठ राहिलाय.”

त्या म्हणाल्या, “छान! म्हणजे तुम्ही लक्ष देताय.”

मग त्यांनी घरचा अभ्यास दिला. आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाबरोबर प्रवास करायचा, पण सजगपणे. घाई करायची नाही, पोचायचा विचार करायचा नाही, जिथे आहोत तिथे पूर्ण असायचं आणि आपल्या श्वासाकडे लक्ष द्यायचं. याने मन बरं होतं, म्हणाल्या. इतरांचं होत असेल. मला शरीराकडे आणखी लक्ष द्या म्हणून सांगणं, म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला.

सगळ्यात जवळचं माणूस म्हणून मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, “मी नाही येणार. तुम्ही दिवसभर बाहेर जा. मला घरात चार तास झोप मिळू दे.” तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. मी खुर्चीत जागत होतो तेव्हा ती आतल्या खोलीत माझ्या खुर्चीची करकर ऐकत जागत होती. शरमलो, आणि मित्राकडे गेलो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. बेदाण्याचं ऐकून तो कुंडीवर वाकून हसला. मग म्हणाला, “झोप येत नाय ना? मंग एसटीत बस. तीस वर्षं माझ्यामागं माणसं झोपली, लेका. बसून झोपली, उभी राहून झोपली, दांडीला धरून झोपली. कोंबड्या मांडीवर घेऊन झोपली. डायवर कसा हाय ते आरशात कळतं. मागची माणसं टक्क जागी असली, तर समजायचं आपला पाय बरोबर नाय.”

“म्हणजे?”

“म्हंजे इस्वास. कोण कुठला डायवर, कधी तोंड बघितलं नाय, अन् त्याच्या भरवशावर मान टाकायची. तुझं तेच बिघडलंय. शनिवारी नऊला तयार राहा.”

त्या शनिवारी आम्ही पेठला गेलो. मी तयारीत कसूर ठेवली नाही. सजग प्रवासाचा तक्ता करून आणला होता: नऊ पस्तीस ते नऊ पन्नास, खिडकीबाहेर पाहणे. नऊ पन्नास ते दहा, श्वास. दहा ते दहा पाच, कृतज्ञता. शिवाय पिशवीत औषधं, दवाखान्याची फाइल, पाण्याच्या दोन बाटल्या आणि रस्त्यातल्या सगळ्या दवाखान्यांची यादी. मित्राने तक्ता उलटसुलट करून पाहिला. “हे डेपोचं वेळापत्रक हाय का? यात लघवीला कवा थांबायचं?”

खिडकीची जागा मी घेतली, कारण ताजी हवा मला जास्त गरजेची. तो माझ्या शेजारी बसला आणि गाडी सुटल्यापासून एक गंमत सुरू झाली. वळण आलं की त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. पुढे बैल आला, पाय दाबला. उतार लागला, पाय दाबला. तीस वर्षांत हा माणूस गाडीत प्रवासी म्हणून कधी बसला नव्हता. गाडीच्या पत्र्यावर त्याच्या चपलेचा ठपठप आवाज व्हायचा आणि माझी कृतज्ञता दहा वाजून दोन मिनिटांनी मोडली.

पण दुसरीही एक गोष्ट होती. तो माझ्या पोटावरून वाकून बाहेर बघत होता. सावळ घाटात तो म्हणाला, “अरे, इथं केवढी दरी हाय! मी इथनं कितीदा गेलो असंन. मला निस्तं डांबर दिसायचं.” नागलीची रिकामी खाचरं, कुडाची घरं, रस्त्याकडेला मोहाच्या झाडाखाली बसलेली म्हातारी, सगळं तो पहिल्यांदा बघत होता. मी त्या वेळी मोबाइल वर धरून रेंज शोधत होतो. घाटात रेंज गेली आणि सगळ्यात जवळचा दवाखाना मागे राहिला, तेव्हा माझ्या तळहातांना घाम सुटला. पेठला उतरल्यावर मी वहीत लिहिलं: ‘ठोके ९८. निसर्ग पाहिला.’

परत येताना माझ्या लक्षात यायला हवं होतं, की आमच्या दोघांत मॅडमचा अभ्यास तो करत होता आणि मी नुसता पेपर सोडवत होतो. पण आपलं ते खरं म्हणायची सवय. मी त्यालाच समजावलं, की असं वाकून बघणं म्हणजे सजगता नव्हे, आतमध्ये बघावं लागतं.

दुसऱ्या शनिवारी चांदवडची गाडी पकडली. देवीचं दर्शन घ्यायचं आणि डोंगरावर जमेल तेवढंच चढायचं, असं ठरलं. तक्ता मी या वेळी घरी ठेवला होता, कारण तो बरोबर आणलास तर गाडीत बसू देणार नाही, अशी धमकी मित्राने दिली होती. वही मात्र होती. पिंपळगावच्या स्टँडवर गाडी थांबली. कंडक्टर खाली उतरून नोंद करायला गेला, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून पानाची पिचकारी कुठे टाकावी ते बघत होता. मी डोकं खिडकीच्या दांडीला टेकवलं, मनगटही दांडीवर ठेवलं आणि नाडीवर दोन बोटं धरली.

हाताला लागलं ते भलतंच होतं. नाडी धावत नव्हती, थरथरत होती. मोजताच येईना. एक ठोका सुटा मिळेना. कपाळाच्या शिरेतही तेच, दातांतही तेच. एकदा वाटलं तीनशे असतील, एकदा वाटलं चारशे. मी मित्राचा दंड पकडला आणि म्हणालो, “आलं. पुन्हा आलं. घरी कळव.”

तो एका उडीत उभा राहिला. “थांबा!” म्हणून असा ओरडला, की उभी गाडी ड्रायव्हरने पुन्हा थांबवली असती. सगळी गाडी माझ्याभोवती गोळा झाली. कुणी टोपीने वारा घालायला लागलं. कांद्याच्या रोपाची जुडी मांडीवर घेतलेल्या एका बाईने कनवटीचा गुळाचा खडा काढून माझ्या तोंडात घातला. मित्राने माझं मनगट हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं, खिडकीच्या दांडीकडे बघितलं, मग कान तिरका करून क्षणभर थांबला. चेहऱ्यावरची भीती जाऊन तिथे काहीतरी वेगळंच आलं. तो ड्रायव्हरला म्हणाला, “भाऊ, जरा इंजिन बंद करा बरं.”

ड्रायव्हरने चावी फिरवली. इंजिन थांबलं. आणि त्याच क्षणी माझी नाडीही थांबली.

मी हे शपथेवर सांगतो, त्या तीन-चार सेकंदांत मी मेलो. डोळे मिटले. बायकोचा चेहरा आठवला, देवाचं नाव आठवलं, विम्याचे कागद कपाटात कुठल्या फाइलमध्ये आहेत तेही आठवलं. मेल्यावर तोंडात गुळाची चव कशी राहते, याचं आश्चर्य वाटलं. मग मित्राचा आवाज आला. “हा ठोका तुझा नव्हता, लेका. गाडीचा व्हता. डिझेल गाडी हाय, उभी राहिली की थरथरतीच. अन् तुझी बोटं तर नाडीवर नायच. ही बघ नाडी. हिकडं हाय.” त्याने माझी बोटं धरून अंगठ्याच्या बाजूला सरकवली. तिथे माझी नाडी बिचारी आपली चालू होती, कुणालाही त्रास न देता.

माप घेताना वस्तू स्थिर पाहिजे. हे पहिलं वाक्य मी एकतीस वर्षं प्रत्येक शिकाऊ पोराला शिकवलं होतं. हलत्या टेबलावर माप घेतलं म्हणून एकाला मी सगळ्यांसमोर झापलंही होतं. त्याने मला त्या दिवशी पिंपळगावच्या स्टँडवर बघितलं असतं, तर त्याचं आयुष्य सार्थकी लागलं असतं.

गाडी हसली नाही, हे मला आणखी लागलं. ती बाई म्हणाली, “असू द्या बाबा, व्हतं असं. गूळ चघळा.” कंडक्टर परत आला तेव्हा त्याला कुणीतरी सांगितलं, की एका बाबाला गाडी लागली. मी तेवढ्यावर समाधान मानलं. चांदवडला देवीसमोर मी काही मागितलं नाही, तोंडच नव्हतं. मित्र मात्र बराच वेळ हात जोडून उभा होता. त्याचे डोळे लाल दिसले. धुपाच्या धुरामुळे असेल असं मला वाटलं, आणि मी तसं त्याला म्हणूनही दाखवलं. तो म्हणाला, “हा, धूरच.”

त्यानंतर दोन शनिवार मी तोंड लपवून घरात बसलो. तिसऱ्या शनिवारी तो दारात येऊन उभा राहिला, हात पुढे केला आणि म्हणाला, “ते बोटाचं मशीन दे. वही पण दे.” मी कुरकुर केली. बायकोने आतून येऊन दोन्ही वस्तू त्याच्या हातात ठेवल्या. त्याने त्या आपल्या जर्किनच्या खिशात घातल्या आणि चेन लावली. जानेवारीचे दिवस, कडक थंडी. नाशिकच्या सीबीएस स्टँडवर पोचलो तेव्हा येवल्याची गाडी सुटायच्या बेतात होती. येवल्याला काय आहे, असं मी विचारलं. “गाडी हाय,” तो म्हणाला.

खिडकी अर्थात मीच घेतली. ऊन माझ्या बाजूला होतं. निफाडच्या थंडीचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो आणि आम्ही नाशिककर तो आपणच कमावल्यासारखा पाहुण्यांना सांगतो. त्या दिवशीही बाहेर धुकं विरत होतं, द्राक्षबागांत माणसं कानाला मफलर बांधून घडांवर कागद चढवत होती. बोटाला काही नव्हतं, मांडीवर काही नव्हतं. हातांचं काय करावं ते सुचेना, म्हणून मी ते काखेत घातले. शेजारी मित्राच्या चपलेची ठपठप चालू होती. मी मॅडमचं सांगणं आठवून श्वासाकडे लक्ष द्यायला गेलो, तर श्वास बिघडला. मग कंटाळून त्या ठपठपीकडेच लक्ष दिलं. आता दाबेल, आता दाबेल. वळण, ठप. ट्रॅक्टर, ठप. हा माणूस गाडी सांभाळतोच आहे, मग आपण कशाला, असं काहीतरी वाटलं. निफाड मागे पडलेलं मला आठवतं. विंचूर आलेलं आठवत नाही.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती, माझी मान मित्राच्या खांद्यावर होती आणि माझ्या लाळेने त्याचं जर्किन ओलं झालं होतं. येवला आलं होतं. दीड वर्षात पहिल्यांदा मी असा झोपलो होतो, की उठल्यावर आधी ठोके तपासायचेही विसरलो. मित्र हलला नव्हता. खांदा पार अवघडला होता त्याचा.

मी उठून अंग मोडत होतो, तेवढ्यात पलीकडच्या बाकावरची एक बाई पिशव्या गोळा करता करता म्हणाली, “बाबा, हे तुमचे भाऊ हायेत का?”

“नाही, मित्र आहे.”

“लय जपत्यात तुम्हाला. निफाडपासनं दर घडीला तुमच्या नाकापुढं बोट धरून बघत व्हते. मला वाटलं तुम्ही लय बिमार हायेत. म्हणलं इचारावं का, दवाखान्यात चाललेत का.”

मी मित्राकडे बघितलं. तो आधीच दाराकडे वळला होता. खाली उतरून तो माझ्यासाठी न थांबता चालायला लागला. स्टँड ओलांडला, पेठेतून गेला, मी मागे मागे. धावायची मला परवानगी नव्हती, तरी मी अर्धवट धावलो, आणि ते लक्षात यायलाही वेळ लागला. एका गल्लीत तो थांबला. एका घराच्या दारातून मागाचा खटखट आवाज येत होता. आत एक माणूस पैठणी विणत होता. आम्ही दारात उभे राहिलो. त्याने एकदा मान वर करून बघितलं, बसा म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. येवल्यात दारात उभ्या राहणाऱ्यांचं कुणाला नवल नसतं.

मी चेष्टेनेच सुरुवात केली. म्हटलं, “काय रे, माझा विश्वास दुरुस्त करायला निघाला होतास ना? मग बोट कशाला धरत होतास?”

तो मागाकडेच बघत राहिला. जांभळ्या रेशमावर सोनेरी मोराचं डोकं तयार होत होतं. मग तो म्हणाला.

“ती गेली तवा मी शेजारी व्हतो. पहाटं चार-साडेचारला गेली म्हणं. मी सहाला उठलो. चहा ठेव म्हणून हाक मारली तिला. दोन बार मारली.”

मला हे माहीत नव्हतं. झोपेत गेल्या एवढंच ऐकलं होतं, आणि लोकांसारखंच मीही म्हणालो होतो, की पुण्यवान, त्रास न होता गेल्या.

“तीस वर्षं,” तो म्हणाला, “चाळीस-पन्नास माणसं मागं झोपली, अन् मी जागा राहिलो. एकाला खरचटू दिलं नाय. अन् ती एकटीच व्हती शेजारी, तर मी घोरत व्हतो.”

मागाचा आवाज चालू होता. मी केसाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक ओळखणारा माणूस. पहाटे साडेचारला कपडे करून बसलेला मित्र मी बघितला होता. त्याचे लाल डोळे बघितले होते. वहिनी गेल्यापासून त्याने एकदाही जांभई देताना ‘झोप आली’ असं म्हटलेलं ऐकलं नव्हतं. आणि मी काय लिहिलं होतं माझ्या वहीत? ‘ठीक, पण संशयास्पद.’ तेही स्वतःबद्दल. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिथल्या तिथे रडू आलं. विणणाऱ्याने मागावरचा हात न थांबवता पाण्याच्या तांब्याकडे मानेने खूण केली.

मी विचारलं, “तेव्हापासून झोपलाच नाहीस?”

“लागती. तासभर. मंग उठून बसतो. कपडे घालून बसतो. कुणाचा फोन आला तर.”

“माझा आला होता.”

“हा. तुझा आला. लय बरं वाटलं बघ त्या दिवशी,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. “म्हंजे तुला ॲटॅक आला म्हणून नाय. मी जागा व्हतो म्हणून.”

आम्ही चहा घेतला, भजी खाल्ली. मी दोन, त्याने बाकीची. परतीची गाडी तीनला होती. गाडीत चढल्यावर मी खिडकीची जागा सोडून उभा राहिलो. तो म्हणाला, “बस की. तुला हवा लागती.”

“तू बस खिडकीत,” मी म्हणालो. “आणि झोप. मी जागा आहे.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी कंडक्टरची पिशवी मागितली. “तू? इंजिनाचे ठोके मोजणारा?”

“हो, मीच. एकतीस वर्षं तपासणीत होतो. माझ्या हातून काही सुटत नाही.” हे वाक्य तोंडातून निघतानाच मला त्याचा खोटेपणा कळला, पण आता ते मागे घेण्यासारखी परिस्थिती नव्हती. तो बसला. हात काखेत घातले, टोपी डोळ्यांवर ओढली. गाडी सुटली. वळण आलं, ठप. ऊसवाला ट्रॅक्टर आला, ठप. विंचूरच्या अलीकडे पुढे एक रिक्षा अचानक आडवी आली, आमच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, सगळे पुढे आदळले. मी घाबरून मित्राच्या पायाकडे बघितलं. पाय जागचा हलला नव्हता. चप्पल सैल होऊन बोटांवर लोंबत होती.

मी लगेच त्याच्या नाकापुढे बोट धरलं. गरम श्वास लागला. हात तसाच ठेवला. पुढच्या बाकावरचा एक माणूस वळून बघायला लागला, बघू दे. हात अवघडला तेव्हा मी दुसरा हात धरला. थोड्या वेळाने तो घोरायला लागला. हळू नाही, चांगला डेपोच्या भोंग्यासारखा. आता बोट धरायची काही गरज नव्हती, पुढचे चार बाक त्याची खात्री देत होते. तरी मी ते काढलं नाही.

स्टँड जवळ आल्यावर कंडक्टर आमच्या बाकाशी येऊन उभा राहिला आणि “निफाड, निफाड!” करून ओरडला. मी त्याला म्हटलं, “अहो, हळू ओरडा.”